तेगल सेकारचे सगळे ब्लेकी

तेगल सेकार गावात कुत्र्याला हाक मारायची तर जरा विचार करून मारावी. 'ब्लेकी!' म्हणून कोणी आवाज दिला, की अख्ख्या गल्लीतली कुत्री शेपट्या हलवत धावत येतात. काळं पिल्लू जन्मलं की त्याचं नाव ब्लेकी, हे बालीच्या या डोंगरात कोणी ठरवलं कोणास ठाऊक, पण ठरलंय खरं. माणसांचंही काही वेगळं नाही म्हणा. पहिला वायान, दुसरा माडे, तिसरा न्योमान, चौथा केतुत, आणि पाचवं मूल झालं की पुन्हा वायान. पण माणसं निदान भांडून आपली ओळख पटवून देतात. कुत्र्यांना ती सोय नाही.

गावातल्या सगळ्या ब्लेकींना वेगवेगळं ओळखणारी एकच बाई होती, लुह सांदात. बेटावर पिसाळलेल्या कुत्र्यांचा रोग आला तेव्हापासून गावातल्या कुत्र्यांना लस टोचायचं काम तिच्याकडे होतं. खांद्याला लशीचा थंड डबा, मागे जाळं धरायला कोणीतरी गडी, आणि तोंडाचा पट्टा कुत्र्यांवर नाही तर त्यांच्या मालकांवर. 'हा कोणाचा?' म्हटलं की 'आमचा नाही' म्हणणारे, आणि तोच कुत्रा मेला की 'आमचा होता हो' म्हणून गळा काढणारे, अशा सगळ्यांना ती चांगली पुरून उरली होती.

पण एक दिवस तिच्या मनात सलत राहिला होता. पश्चिम गल्लीत एका कुत्र्यानं कोणाला तरी चावलं. गाव काठ्या घेऊन बाहेर पडलं. केलियान, म्हणजे आमच्या वस्तीचे मुखिया, सांदातला म्हणाले, "यातल्या कोणाला लस दिलीय ते पटकन सांग." तिनं वही उघडली. ब्लेकी, काळा, नर. ब्लेकी, काळा, नर. पानामागून पान तेच. ती बोट फिरवत राहिली आणि तिकडे काठ्या चालल्या. मेलेल्यातल्या बहुतेकांना तिनं स्वतःच्या हातानं लस दिली होती. त्या दिवशी ती जेवली नाही. दुःख झालंच, पण त्याहून जास्त तिला स्वतःचा संताप आला होता.

नंतर गावानं नियम केला. चावणाऱ्या कुत्र्याच्या लशीची नोंद चावडीत तिथल्या तिथे दाखवता आली, तर त्याला बांधून दोन आठवडे नजरेखाली ठेवायचं. नाही दाखवता आली, तर काठी. सांदात म्हणाली, "मान्य. दाखवेन."

दाखवणार कशी, ते मात्र तिलाही माहीत नव्हतं.

चावडीच्या बाजूच्या खोलीत एका हॉटेलानं टाकून दिलेला संगणक धूळ खात पडला होता. तालुक्याच्या शाळेत संगणक शिकवणारे पाक ओका आपल्या कुत्रीला लस द्यायला आले, तेव्हा सांदातनं त्यांना तो दाखवला. त्यांनी झाकण काढून आत फुंकर मारली आणि म्हणाले, "याच्यावर लिनक्स चालेल. फुकट असतं, आणि म्हाताऱ्या यंत्रांना मानवतं."

"आणि माझी कुत्री?"

"त्यांच्यासाठी डेटाबेस बसवू. बसवू म्हणजे तुम्ही बसवायचा, म्बोक. मी नुसता बघणार."

म्बोक म्हणजे थोरली बहीण, पण ओकांची शिस्त थोरल्या भावाची. सांदात खुर्चीत बसली, की हे शेजारी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे. "माझं बोट तुमच्या कळांना लागलं तर शिकेन मी, तुम्ही नाही," म्हणायचे. पहिल्याच दिवशी यंत्रानं पासवर्ड मागितला. सांदातनं टाकला, पडद्यावर काही उमटेना. तिनं आणखी जोरात दाबून बघितलं.

"कळा मेल्या वाटतं याच्या."

"नाही मेल्या. ते ऐकतंय, फक्त दाखवत नाही."

"म्हणजे आमच्या सासूसारखं."

ओका इतके हसले की मांडीखालचा एक हात बाहेर आला. तिनं तो पुन्हा आत घालायला लावला.

मग पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस उतरवून घेतला. काळ्या पडद्यावर अक्षरांचा पूर वाहू लागला, तेव्हा आपल्या हातून काहीतरी फुटलं अशी समजूत होऊन ती उठून दारापर्यंत गेली होती. पुढं दुसरीच पंचाईत. हुकूम लिहून बटण दाबावं, तर यंत्र ढिम्म. कॉफीचा गाळ पेल्याच्या तळाशी बसला तरी ढिम्मच. शेवटी ओका म्हणाले, "वाक्य संपलं हे त्याला कळू द्या की. शेवटी अर्धविराम."

"एवढ्याशा टिंबासाठी मला ताटकळत ठेवतं?"

"जो नीट बोलतो त्याचंच ते नीट ऐकतं, म्बोक."

ओकांच्या पसंतीचं हे लिनक्स जरा मानी जातीचं होतं. त्यावर डेटाबेस बसवला तरी तो आपण होऊन सुरू होत नाही. मालकानं 'चल, लाग कामाला' म्हणावं लागतं. सांदातनं तसं म्हटलं, तो कामाला लागला, आणि मग थांबलाच नाही. वीज गेली तरी टेबलाखाली जोडलेली बॅटरी सांभाळून घ्यायची.

पहिली नोंद तिनं आपल्याच घरच्या ब्लेकीची केली. मग संध्याकाळी गल्ल्या पालथ्या घातल्या. रंग, कान, शेपूट, गल्ली, मालक, लशीची तारीख. त्यात तिनं स्वतःच्या डोक्यानं एक रकाना वाढवला, 'कोणी धरलं'. ओका म्हणाले, याची गरज नाही. ती म्हणाली, "तुम्ही आमच्या गावात राहत नाही." त्याच्या शेजारी शेऱ्यासाठीही जागा ठेवली, कारण शेरा मारल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

सासू, जिला ती मेमे म्हणायची, एकदा खोलीत डोकावली. तुंपेक लांदेपच्या दिवशी लोखंडाच्या हत्यारांची पूजा असते, म्हणून विळ्याकोयत्यांबरोबर या यंत्रापुढेही फुलांची परडी ठेवायला आली होती. सांदातनं कौतुकानं पडदा दाखवला. मेमे म्हणाली, "सगळ्या गावची कुत्री पेटीत घातलीस. भात कोण लावणार?" आणि निघून गेली.

असं सगळं सुरळीत चाललं होतं आणि न्येपी आली. न्येपी म्हणजे नव्या वर्षाचा पहिला दिवस, आणि त्या दिवशी अख्खी बाली गप्प असते. दिवा नाही, विस्तव नाही, काम नाही, घराबाहेर पाऊल नाही. त्यावर नजर ठेवणाऱ्या पहारेकऱ्यांचा म्होरक्या काडेक विर्सा. पहाऱ्याचं चौकड्यांचं कापड कमरेला गुंडाळलं की याच्या अंगात येतं. आदल्या संध्याकाळी तो चावडीच्या खोलीत येऊन उभा राहिला.

"म्बोक, हा हिरवा दिवा कसला?"

"यंत्राचा."

"उद्या न्येपी आहे. काम बंद, भटकणं बंद."

"ते कुठे भटकतंय? जागेवर तर बसलंय."

"पण काम करतंय ना?"

सांदातला खोटं बोलवेना. "करतंय," ती म्हणाली.

"मग बंद करा. कुत्र्यांची नोंद ठेवणं हे काम नाही तर काय उपास आहे?"

मुद्दा बिनतोड होता. तिनं तार उपटली नाही. ओकांनी शिकवलेला हुकूम दिला आणि यंत्राला शहाण्यासारखं झोपवलं. बंद करणंसुद्धा आपल्याला येतं, याचा तिला जरा तोराच आला होता.

दुसऱ्या दिवशी रस्त्यावर होती ती फक्त कुत्री. त्यांना कोणाचाच धाक नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गाव पुन्हा बोलू लागलं, नवे कपडे घालून एकमेकांकडे निघालं. विर्साही निघाला. सांदातच्या दारातून जाताना त्याचा पाय पडला नेमका तिच्या ब्लेकीच्या शेपटीवर, आणि ब्लेकीनं त्याच्या पोटरीचा घास घेतला.

सांदातनं आधी त्याला नळाखाली बसवून साबणानं जखम धुतली आणि दवाखान्यात पाठवायला गाडी मागवली. पण विर्सा हलेना. "आधी नियम," तो म्हणाला. सगळे चावडीत पोहोचले तोवर काठ्या घेऊन गल्ली जमली होती. मेमे ब्लेकीची दोरी हाताला गुंडाळून चावडीपर्यंत आली होती आणि कुत्र्याच्या पुढे उभी होती.

"याला लस दिलीय," सांदात म्हणाली.

"घरच्या कुत्र्याबद्दल दुसरं काय सांगणार!" मागून कोणीतरी बोललं. केलियान शांतपणे म्हणाले, "बाई, तुझ्या तोंडचं नको. यंत्रातलं दाखव."

तिनं यंत्र चालू केलं. डेटाबेस उघडायला गेली, तर पडद्यावर ओळ आली की पलीकडून कोणी उत्तर देत नाही. वर यंत्र तिलाच विचारत होतं, तो चालू आहे ना? झोपवलं तेव्हा सगळं पुसलं गेलं की काय? गल्ल्यागल्ल्यांतून गोळा केलेली ती सगळी कुत्री? तिनं ओकांना फोन लावला. घंटा वाजत राहिली. सणाच्या सकाळी फोन कोण उचलतंय?

पश्चिम गल्लीतला तो दिवस तिच्या डोळ्यापुढे आला. त्या दिवशीही गाव असंच पाठीमागे उभं होतं आणि ती अशीच शोधत बसली होती. दाराशी काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. मग तिला ओकांचं एक वाक्य आठवलं. लाल अक्षरं दिसली की पळू नका, वाचा. घोडं कुठे पेंड खातंय ते तेच सांगतं. तिनं यंत्राला डेटाबेसची खुशाली विचारली. उत्तर आलं, त्यात कंसात एक इंग्रजी शब्द होता आणि नेमका तेवढाच विर्साला वाचता आला.

"डेड! डेड म्हणतंय. मेलं ते!"

बाहेर गलका झाला. मेमेनं खाली बसून कुत्र्याच्या गळ्यात हात घातले.

"मेलं नाही," सांदात म्हणाली. ती वाचतच राहिली. वरच्या ओळीत 'डिसेबल्ड' असा आणखी एक शब्द होता, आणि तो वाचून तिच्या डोक्यात लख्ख झालं. या डेटाबेसला तिनं फक्त 'चालू हो' म्हटलं होतं. 'यंत्र उठलं की तूही ऊठ' असं कधी म्हटलंच नव्हतं. इतके महिने यंत्र बंदच पडलं नव्हतं, तर कळणार कसं? "मेलं नाही, झोपलंय. याला उठायला कोणी सांगितलेलंच नाही. माझंच चुकलं."

तिनं हुकूम दिला. हिरवी अक्षरं आली. मग प्रश्न लिहिला. काळा, नर, पूर्व गल्ली, डाव्या कानाला चीर, मालक आम्हीच. एक ओळ उमटली आणि तिनं ती मोठ्यांदा वाचली. लस दिल्याची तारीख. ती वर्षाच्या आतली होती. "धरणारा, काडेक विर्सा. शेरा, धरणारा कुत्र्यापेक्षा जास्त ओरडला."

चावडी खदखदून हसली. विर्सानं मान खाजवली. "हो, बरोबर. तेव्हाही हेच बेणं होतं," तो म्हणाला. केलियाननी हात वर केला, "बांधा त्याला घरी. काठ्या ठेवा." लोक हळूहळू वळू लागले.

"थांबा," सांदात म्हणाली. "अजून झालं नाही."

तिनं आणखी एक हुकूम लिहिला, जो त्या पहिल्या दिवशी लिहायचा राहिला होता. आणि मग, सगळ्यांच्या देखत, यंत्र पुन्हा बंद केलं.

"अहो म्बोक, चाललंय ना!" विर्सा ओरडला. "चालत्या गाड्याला कशाला खीळ घालता?"

"चाललंय, कारण मी इथे बसलेय," ती म्हणाली. "मी नसताना चाललं पाहिजे."

पडदा काळा झाला. आतला पंखा घरघरून थांबला. कोणी गेलं नाही, विर्सासुद्धा लंगडत तिथंच उभा राहिला. दिवा हिरवा झाला. अक्षरांचा पूर आला, ओसरला. सांदातनं हात मांडीखाली दाबून धरले होते. सगळं शांत झालं तेव्हा तिनं ते बाहेर काढले. या वेळी डेटाबेसला तिनं 'ऊठ' म्हटलं नाही, सरळ प्रश्नच टाकला. काळे, ब्लेकी नावाचे, लस दिलेले, सगळे.

आणि ते आले. कानाची चीर, आखूड शेपटी, पांढरा पंजा, एकामागून एक, पडदाभर ब्लेकी. ते कोणी उठवल्याशिवाय आपले आपण उठले होते. दारातल्या बायका आपापला कुत्रा ओळखून एकमेकींना बोटानं दाखवू लागल्या. विर्सानंही आपला शोधला, मोठ्यांदा "हा आमचा!" म्हणाला, आणि मगच दवाखान्याच्या गाडीत बसला.

मेमे दोरी हातात घेऊन खिडकीशी उभी होती. गर्दीतल्या कोणीतरी तिला विचारलं, हे कोणी बसवून दिलं, तालुक्याच्या मास्तरांनी का?

"मास्तर कसले!" मेमे म्हणाली. साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. "माझ्या सुनेनं बसवलंय. मास्तर तर नुसते हात दाबून बघत होते, मी पाहिलंय ना रोज खिडकीतून!"

सांदातनं तोंड पडद्याकडेच ठेवलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि इतक्या अभिमानानं भरलेले डोळे गावाला दाखवायची तिची अजून तयारी नव्हती.