रिंगणात बाईंचा नंबर

दुपारी एक ते तीन झोपायचं, असा आमच्या संघाचा नियम आहे. झोप येवो न येवो, मोबाईल जमा करायचे, पडदे ओढायचे आणि आडवं व्हायचं. पाच वाजता सामना आहे. सतरा वर्षांखालच्या मुलींची आशियाई फुटबॉल स्पर्धा, गटातला शेवटचा सामना; जिंकलो तर पुढे, नाहीतर परवाचं विमान. ज्या शहरात आलोय त्याचं नाव मला बारा दिवसांत एकदाही धड उच्चारता आलेलं नाही. पलीकडच्या पलंगावर सुगनी टोप्पो भिंतीकडे तोंड करून पडलीय. ती झारखंडची, आमची दुसरी गोलकीपर. पहिली मी, संयोगिता देवार्डे, गडहिंग्लजची.

माझा उजवा हात उशीखाली आहे. परवाच्या सामन्यात चेंडू बाहेर ढकलताना करंगळी मागे वळली, आणि आता ती सुजून अंगठ्याएवढी झालीय. हे कुणालाच ठाऊक नाही. इथे सगळे चमच्याने जेवतात म्हणून निभावतंय. काही झालं तरी आज बाहेर बसायचं नाही, हे मी ठरवलंय, कारण आजचा सामना रेडेकर बाईंसाठी आहे. ग्लोव्हजच्या आत मनगटापाशी मी पेनाने त्यांचं नाव लिहिलंय.

रेडेकर बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या पीटीच्या बाई. फेब्रुवारीत गेल्या.

डोळे मिटते. एसी एकसुरी घरघरतोय. चादर गार आहे, मग ओलसर आहे, मग ती चादर नाहीच, हिरण्यकेशीच्या काठची वाळू आहे. घरघर म्हणजे नदीचं पाणी. समोर बाई उभ्या आहेत, ओढणी कमरेला खोचलेली, गळ्यात शिट्टी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट.

"पड," बाई म्हणतात.

"बाई, मला येतंय की आता पडायला."

"येतंय तर दाखव की मग."

मी डावीकडे पडते, उजवीकडे पडते. वाळू कानात जाते. पहिला अख्खा महिना बाईंनी मला चेंडूला हातसुद्धा लावू दिला नव्हता, नुसतं पडायला लावलं होतं. आई वैतागली होती, पोरगी फुटबॉल शिकतीया का लोळायला शिकतीया म्हणून. मग बाई घरी आल्या, दोन कप चहा प्यायल्या, आईला तासभर समजावलं आणि जाताना माझ्या पडण्यासाठी आईकडूनच एक जुनी गोधडी घेऊन गेल्या. आई अजून त्या गोधडीची आठवण काढते.

मी कपडे झटकत उठते तर पायाखाली हॉटेलातला गालिचा आहे. लांबलचक बोळ, आणि गालिच्यावर चुन्याच्या फक्कीने आखलेलं पांढरं रिंगण. खोल्यांच्या दारांवर आकडे नाहीत, नववी अ, नववी ब असं लिहिलंय. रिंगणावर आमच्या शाळेच्या मुली उभ्या आहेत, अंगात मात्र भारताची निळी जर्सी. कुणालाच याचं नवल वाटत नाही. मलाही नाही.

हे रिंगण बाईंचंच. प्रत्येक सामन्याआधी त्या फक्कीने गोल आखायच्या, आम्हाला त्यावर उभं करायच्या आणि आपण मधे थांबायच्या. मग एकेकीने आपलं काय दुखतंय ते मोठ्याने सांगायचं. घोटा, दात, पाळी, घरची भांडणं, काहीही चालायचं. बाई एकच प्रश्न विचारायच्या, "कधीपासनं?" आणि उत्तर ऐकून हातावर चार शेंगदाणे आणि गुळाचा खडा ठेवायच्या. सांगितलं म्हणून कुणाला बसवलंच असं व्हायचं नाही. ते बाई बघून ठरवायच्या. लपवलेलं सापडलं तर मात्र दोन सामने बाहेर.

बोळात नंबर पुढे सरकतोय.

"बाई, माझा दात."

"कधीपासनं?"

"सोमवारपासनं."

शेंगदाणे, गूळ. पुढची.

"संयू?"

"काय न्हाई, बाई," मी म्हणते. हात पाठीमागे आहे.

बाई रागावत नाहीत, काही विचारत नाहीत. शेंगदाण्यांची मूठ माझ्यावरून तशीच पुढे जाते. मला एवढं वाईट वाटतं की बोटापेक्षा तेच जास्त दुखतं.

रिंगण संपल्यावर बाई पिशवीचं तोंड बांधतात आणि मधून निघून माझ्या शेजारी येऊन रेषेवर उभ्या राहतात. असं कधीच झालेलं नाही. बाई रेषेवर, आणि मधे कुणीच नाही.

"आता माझा नंबर," त्या म्हणतात.

विचारणारी बाईच रेषेवर आल्यावर विचारणार कोण? शेवटी मीच विचारते, "काय दुखतंय, बाई?"

"पोट."

"कधीपासनं?" माझा आवाज हुबेहूब त्यांच्यासारखा निघतो.

"दीड वर्ष दुखत होतं की गं. आधी तुमची जिल्ह्याची स्पर्धा आली, मग तुझं शिबिर आलं. म्हटलं, एवढं उरकलं की दवाखान्यात दाखवतो."

"आणि कुणालाच सांगितलं न्हाई?"

"मी मधे उभी असायची. मधल्या माणसाला कोण विचारतंय?" त्या हसतात, नेहमीसारखं, शिट्टी दातांत धरून. "चुकलं माझं. तुम्हा पोरींकडनं सगळं वदवून घेतलं, आणि माझंच सांगायचं राहिलं."

मला राग येतो, मग रडू येतं. आम्ही बावीस जणी होतो. पाच वर्षं त्या रिंगणावर उभ्या राहून आम्ही शेंगदाणे खाल्ले. एकीनेही विचारलं नाही.

"आम्ही इचारायला पायजे होतं, बाई."

"शेंबडी पोरं तुम्ही, तुम्हाला काय कळणार. आणि आता काय दुखत न्हाई मला. मोकळी हाय, म्हणून तर एवढ्या लांब आलो."

बोळाचं छत आता नाही. वर आज संध्याकाळच्या स्टेडियमचे दिवे आहेत आणि शेजारी शाळेची पाण्याची टाकी गळतेय.

"आजचा सामना तुमच्यासाठी हाय, बाई. म्हणून मी..."

"माझ्यासाठी? मला कुठं पुढच्या फेरीत जायचंय? हात दाखव."

मी हात पुढे करते. "करंगळी दुखतीया."

"कधीपासनं?"

"परवापासनं."

एवढंच बोलले, पण दोन दिवस छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं होतं. बाई करंगळी निरखून बघतात, चुकचुकतात. मग पिशवी पुन्हा उघडतात, शेंगदाणे माझ्या तळहातावर ठेवतात आणि करंगळी न दुखवता माझी मूठ मिटतात. त्यांचा हात गरम आहे.

"बाई, तुम्ही गेलात तवा मी शिबिरात होतो. आईनं मला नऊ दिवस कळू दिलं न्हाई."

"मीच सांगितलं होतं तिला. निवड होईपर्यंत बोलू नको म्हटलं."

"मला तुम्हाला थँक्यू म्हणायचं होतं. पडायला शिकवलं त्याचं. घरी आला होता त्याचं. गोधडीचं."

"मग म्हण की. मी काय पळून चाललोय?"

"थँक्यू, बाई."

"बरं." त्या ओढणीची गाठ घट्ट करतात. त्यांचे डोळे भरलेत, पण ते मला दिसू नयेत म्हणून त्या रिंगणाच्या दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवतात. "आता मधे जा. ती बघ, ती पोरगी कवापासनं उभी हाय. तिला कुणी इचारलंच न्हाई."

टोकाला सुगनी उभी आहे.

डोळे उघडतात. घड्याळात दोन चाळीस. गालाखालची उशी ओली आहे. उजवा हात उशीखालून बाहेर आलाय आणि मूठ घट्ट मिटलेली आहे. मी एकेक बोट सोडवते. तळहातावर, घामाने चिकटलेलं, शेंगदाण्याचं लाल साल आहे.

आमच्या संघात एका मुलीला शेंगदाण्याने अंगावर पित्त उठतं. त्यामुळे बारा दिवस या मजल्यावर शेंगदाण्याचा एक दाणासुद्धा आलेला नाही.

सुगनी जागीच आहे. पलंगाच्या कडेला बसून ती एक मोजा कधीची हातात धरून बसलीय. मी जाऊन तिच्या शेजारी बसते आणि करंगळी दाखवते.

"दुख रही है. परसों से," मी म्हणते. "अभी डॉक्टर दीदी को बताने जा रही हूँ. आज गोल में तू रहेगी."

ती बोटाकडे बघते, मग माझ्याकडे. तिचा चेहरा पांढरा पडतो. ती या स्पर्धेत एक मिनिटही खेळलेली नाही. रोज माझ्यासोबत सराव करते, माझी पाण्याची बाटली भरते, आणि तिचं काही दुखत असेल हे माझ्या कधी डोक्यातही आलेलं नाही.

"तेरा क्या दुख रहा है, सुगनी?"

ती मोजा खाली ठेवते.

"पेट," ती म्हणते. "डर के मारे."

"कब से?"

ती सांगायला लागते. तिच्या हातावर ठेवायला माझ्याकडे दुसरं काहीच नाही, म्हणून मी ते लाल साल तिच्या तळहातावर ठेवते आणि तिची मूठ मिटते.