निफाडची एक शीट

कंपनीची निफाडची बस बंद करायचं ठरलं, तेव्हा साहेबांनी आम्हाला कॅन्टीनमध्ये उभं करून सांगितलं, "हे बघा, आता प्रत्येकाकडे स्वतःचं वाहन आहे. बस रिकामी धावते. तिच्या पैशातून आपण छान पार्किंग वाढवतोय." 'छान' म्हणताना साहेब दोन्ही हात असे पसरतात, जसं काही आमच्या ताटात जिलबी वाढतायत. ते केबिनमध्ये पोचायच्या आत माझी नक्कल तयार होती. शाळेत मी हेडमास्तरांच्या आवाजात शेजारच्या वर्गाला सुट्टी दिलेली आहे. साहेब म्हणजे सोपा पेपर.

सगळे हसले. पॅकिंगमधली ताई हसली नाही. ती आमच्या निफाडचीच, आणि माझ्या नकलांचं पहिलं गिऱ्हाईक.

"तुझं काय रे, तू कोणाच्या पण मागं डबलशीट येशील," ती म्हणाली. "माझ्या सासऱ्यांनी बस बघून मला पाठवलंय, कंपनी बघून नाय. एक तारखेला बस बंद, म्हणजे मी पण बंद."

"एसटीनं ये ना."

"अंधारात एसटी, मग नाशकात द्वारका चौकात उतरा, मग सिटी बस, मग सातपूरला कंपनीपर्यंत चालत. आणि एवढं करून गेटवर लेट मार्क. तूच ये की तसा."

ती खरं बोलत होती. आणि समोरचा खरं बोलला की मला राग येतो.

रिकामी म्हणे! बस रिकामी कशी झाली ते आम्हाला विचारा. सुट्टीचा भोंगा झाला की सुपरवायझर म्हणणार, "पाच मिनिटं, तेवढा माल लावून जा." ती पाच मिनिटं म्हणजे अख्ख्या नाशकातली सगळ्यात लांब पाच मिनिटं. आणि बसवाल्याला ऑर्डर, भोंग्यानंतर थांबायचं नाही. दोनदा बस चुकली की तिसऱ्यांदा माणूस थेट शोरूम गाठतो. वर कंपनी त्याच्या गाडीला पत्र्याची सावली देते. बस बिचारी गेटबाहेर उन्हात. मग कोण येईल बसने? मी पण आलो नसतो, पण माझ्याकडे गाडी नव्हती.

साहेबांची गाडी बघा. सात जण बसतील अशी. आत साहेब एकटे, शेजारच्या सीटवर लॅपटॉपची बॅग. बेल्ट लावला नाही तर गाडी बोंबलते, म्हणून बॅगेला बेल्ट. म्हणजे बॅगेला सीट, ताईला नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी झाली आणि गेटवर गाड्यांची रांग लागली. वॉचमनमामा प्रत्येकाची डिकी उघडून बघतात, त्यामुळे साहेबांना पण थांबावं लागतं. आता मी लहानपणापासून निफाडच्या स्टँडवर काळी-पिवळी जीपवाल्यांच्या आरोळ्या ऐकत आलोय. ते छपरावर थाप मारून माणसं गोळा करतात. माणसाला माणूस म्हणत नाहीत, शीट म्हणतात. मी साहेबांच्या गाडीच्या छपरावर थाप मारली आणि आवाज लावला.

"चला द्वारका, आडगाव नाका, चांदोरी, निफाऽऽड! एक शीट, एक शीट! बसा मावशी, भरली की निघाली!"

आमची पोरं हसून वाकडी झाली. पण आवाज जरा जास्तच खरा निघाला. शेजारच्या कंपनीची पण तेव्हाच सुट्टी झालेली. रस्त्यापलीकडून दोन बाया आणि हातात डबा घेतलेले एक काका पळत आले, मागची दारं उघडली आणि साहेबांच्या गाडीत बसले.

"सरका ओ जरा," काका म्हणाले. "आणि काच खाली घ्या."

साहेब मागे वळून बघतात तोवर मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. वॉचमनमामांनी डिकी लावून सवयीने सलाम ठोकला. गाडी गेली, भरून.

सकाळी केबिनमध्ये बोलावणं आलं.

"तू कंपनीत कामाला आहेस की काळी-पिवळीवर?"

"कंपनीत, साहेब."

"त्यातल्या एका बाईने माझ्या गाडीत मेथी निवडली. द्वारकापर्यंत. आणि उतरताना मला विचारते, ड्रायव्हरभाऊ, तुमचा मालक एवढ्या गाडीत एकटाच हिंडतो का?"

मी गाल आतून चावून धरला. "मग तुम्ही काय सांगितलं?"

साहेबांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "माफी लिहून दे."

"छपरावर थाप मारली त्याची माफी मागतो, आत्ता, तोंडी. शीट मागितली त्याची नाही मागणार."

"नोकरी जाईल."

"ताईची तर चाललीच आहे. साहेब, बस रिकामी नव्हती, तुम्ही केलीत. सुपरवायझरला सांगा, भोंगा म्हणजे भोंगा. मोठी बस परवडत नसेल तर छोटी गाडी लावा. आणि पत्र्याखाली तीच गाडी उभी राहू द्या जिच्यातून तिघं उतरतात. एकटा येणारा उन्हात. तुम्ही पण."

'तुम्ही पण' म्हणताना माझे दोन्ही हात थेट साहेबांसारखे पसरले होते. हे मला साहेबांच्या तोंडाकडे बघून कळलं.

मेमो मिळाला. माफी मी दिली नाही, अजून दिलेली नाही. पण महिना संपायच्या आत बोर्डावर नोटीस लागली: निफाडसाठी छोटी गाडी, प्रायोगिक तत्त्वावर. भोंग्यानंतर कोणाला थांबवायचं नाही. पत्र्याच्या सावलीबद्दल एक अक्षर नाही. त्यावरून माझं भांडण चालू आहे.

एक तारखेला सकाळी मी स्टॉपवर गेलो तर ताईबरोबर तिचे सासरे, नाना. टोपी, मफलर, हाताची घडी. गाडी आली. नाना दार धरून उभे राहिले आणि ड्रायव्हरला विचारायला लागले.

"रोज येणार का?"

"येणार."

"पाऊस असला तरी?"

"येणार, नाना."

"आन हे प्रायोगिक म्हंजे काय? पुढल्या महिन्यात बंद झाली तर?"

ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागला. मी पण तोंड उघडलं, पण कोणाच्या आवाजात बोलावं तेच कळेना. ताई नानांच्या हाताखालून वाकून आत शिरली, खिडकीपाशी बसली, डबा मांडीवर घेतला.

"बंद झाली तर बघू, नाना," ती म्हणाली. "आता दार सोडा. मला उशीर होतोय."

नानांनी दार सोडलं. ते तिनंच ओढून घेतलं, धाडकन.