रेडिओवरची थप्पड

माझा डावा कान नवव्या वर्षी गेला. गेला म्हणजे वडिलांनी घालवला.

आमचं घर मालवणकडच्या कट्टा या बाजारगावापासून तासाभराच्या वाटेवर. पावसाळ्यात भातशेती, आणि ती आटोपली की वडील दशावतारी कंपनीबरोबर मृदंग वाजवायला जात. पंचक्रोशीत त्यांच्या हाताचं नाव होतं. घरातही होतं, पण वेगळ्या अर्थाने. मला शिपटीचा मार बसायचा, आईला झावळीच्या दांड्याचा. कारण लागत नसे. भात करपलं, म्हैस उशिरा आली, कोणी हसलं, एवढं पुरे.

मला लहानपणापासून लोकांचे आवाज काढता येत. मास्तर, पोस्टमन, दशावतारातला राक्षस. एका दुपारी वालावलहून आत्या आणि तिची माणसं आली होती. त्यांच्यापुढे मी वडिलांचा आवाज काढला. खाकरून, मान वर करून, आईला हाक मारतात तसा. सगळे पोट धरून हसले. वडीलही हसले. पाहुणे आडवाट उतरून दिसेनासे झाले तशी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि उघड्या पंजाने कानावर मारलं. आधी शिट्टी वाजल्यासारखं झालं, मग काहीच नाही. मानेवर ओलं लागलं. आईने लसूण घालून खोबरेल कोमट केलं आणि कानात ओतलं. वडील ओटीवर विडा लावत बसले होते.

सोळाव्या वर्षी मी मालवणहून बोटीने मुंबईला मामाकडे गेलो. एका कापडाच्या पेढीत कारकुनी मिळाली, संध्याकाळी हौशी नाटकं. तिथे माझे आवाज ऐकून कोणीतरी रेडिओवर नेलं, आणि दोन वर्षांत मुलांचा रविवारचा कार्यक्रम माझ्याकडे आला. मुलं मला दादा म्हणत. मी कोल्हा होई, म्हातारी होई, आगबोटीचा भोंगा होई. गावोगावची मुलं पत्रं पाठवत. एकाने लिहिलं होतं, 'दादा, तुम्ही आमच्या घरी राहायला या, तुम्ही कधीच रागावत नाही.' ते पत्र मी कितीतरी दिवस खिशात ठेवलं होतं. एका कानाने ऐकू येत नाही हे मी तिथे कोणाला सांगितलं नव्हतं. मुलांना नेहमी उजव्या बाजूला उभं करायचो.

त्या रविवारी गडबडीत एक सातआठ वर्षांची मुलगी डावीकडे उभी राहिली. तिची कविता व्हायची होती. तेव्हा सगळं थेट जाई, पुसायची सोय नव्हती. मी गोष्ट सांगत होतो आणि ती माझी बाही ओढत काहीतरी कुजबुजत होती. मला काही ऐकू येईना. तिने पुन्हा ओढली, तसे माझ्या हातातले कागद जमिनीवर पसरले. गोष्टीचा शेवट त्यातच होता. मी आठवेल तसा शेवट जोडला, 'आता ऐकू या एक गाणं' म्हटलं, काचेपलीकडच्या माणसाकडे पाहिलं आणि तबकडी सुरू झाली असं समजून वळलो. मुलीच्या कानशिलात मारली.

तबकडी सुरू झाली नव्हती. माईक चालू असल्याचा तांबडा दिवा तसाच होता.

थप्पड गेली, मागोमाग तिचं रडणं गेलं. आणि दिवा दिसताच मी माईककडे वळून म्हणालो, "तर बालमित्रांनो, गाणं जरा रुसून बसलंय वाटतं." माझा आवाज तसूभरही हलला नाही. गोड, हसरा, रोजचा. मारण्यापेक्षा त्या वाक्याची मला आजही जास्त भीती वाटते.

नंतर कळलं, कविता विसरले एवढंच ती सांगत होती.

रेडिओच्या साहेबांनी मला खोलीत बोलावलं. ओरडले नाहीत. "तुम्ही उद्यापासून येऊ नका," म्हणाले आणि समोरची फाइल उघडली.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या घरी गेलो. तिचे वडील शाळामास्तर होते. त्यांनी मला आत घेतलं नाही, पण हाकललंही नाही. तिला दारात बोलावलं. तिच्या गालावर अजून वळ होते. मी खाली बसलो, हात जोडले आणि म्हणालो, "बाळ, माझं चुकलं." तिने दोन्ही तळहातांनी कान घट्ट झाकून घेतले. मी गप्प झालो तसे हात काढले. पुन्हा बोललो, पुन्हा झाकले. हात मी जोडलेले होते, त्यांच्याकडे ती नुसती पाहत होती. तिला माझा आवाज नको होता.

"आता जा तुम्ही," मास्तर म्हणाले.

चार दिवसांनी बोटीने मालवणला उतरलो. कट्ट्यापर्यंत गाडी, पुढे पायी. घरापुढच्या खळ्यात पोचलो तेव्हा दुपार होती. वडील ओटीच्या कडेला मृदंग पुढ्यात घेऊन त्याच्या चामडी वाद्या ताणत होते. आई दारात आली. "इलंस?" एवढंच म्हणाली. वडिलांनी मान वर केली नाही.

"त्या चेडवाक कित्याक मारलंस?"

मला कळेना, त्या मुलीला मारल्याचं यांना कसं माहीत. आई हळूच म्हणाली, "ते दर आयतवारी कट्ट्यार जायत. दुकानाच्या भायर उभे रवान रेडिओर तुका आयकत."

इतक्या वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या पत्राला त्यांनी कधी उत्तर दिलं नव्हतं. दर रविवारी हा माणूस तासभर चालत जाऊन माझा कोल्हा आणि माझी म्हातारी ऐकत होता.  त्याला प्रेम म्हणायला मी तयार नव्हतो.

"माका कित्याक मारलास ता आधी सांगा," मी म्हणालो.

"बापाक उलट विचारतंस?" ते उठले आणि हात उगारला. मी तो मनगटाशी धरला. पहिल्यांदाच धरला. तो हात मला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला. तिथेच सोडला असता तर झालं असतं. मी पिरगळला आणि त्यांना ओटीवरून खाली ढकललं. जांभ्याच्या पायरीवर ते त्याच हातावर पडले. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. ते ओरडले. आणि मी, खरं सांगायचं तर, लगेच खाली उतरलो नाही. वर उभा राहून पाहत राहिलो. त्या वेळी मला बरं वाटलं होतं.

हाडवैद्याने येऊन बांबूच्या कांबी बांधल्या. आईने मला जेवायला वाढलं. मी मीठ घ्यायला हात लांबवला तशी ती दचकून मागे सरली. डोळे मिटलेले, खांदे वर. वडिलांपुढे ती अशी होई. माझ्यापुढे कधी झाली नव्हती. मी अर्ध्या ताटावरून उठलो.

तिसऱ्या दिवशी कंपनीचे मालक आले. पहिली जत्रा पंधरा दिवसांवर आणि मृदंगवाला गळ्यात हात बांधून बसलेला. हात कसा मोडला असं त्यांनी विचारलं. "मी पडलंय," वडील म्हणाले. मग माझ्याकडे हनुवटी करून म्हणाले, "ह्यो वाजवतलो. तेका तोंडान सगळे बोल येतत."

"माका वाजवूक येणा नाय," मी म्हणालो.

"मगे हात कित्याक मोडलंस?" ते शांतपणे म्हणाले. मालकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि निघून गेले.

ते पंधरा दिवस मी सकाळपासून अंधार पडेपर्यंत मृदंगापुढे होतो. वडील तोंडाने बोल म्हणत, मी वाजवी. ते सगळे बोल मला लहानपणापासून पाठ होते. नक्कल करता करता बसले होते. हाताला मात्र काही ठाऊक नव्हतं. बोटांची टोकं फुटली, चामड्यावर रक्ताचे डाग पडले. चुकलो की वडील डाव्या हाताला जे लागेल ते फेकत. एकदा तांब्या कपाळावर बसला. मी रक्त पुसलं आणि तोच बोल पुन्हा वाजवला. त्या दिवसांत आम्ही एकमेकांशी बोलांखेरीज काही बोललो नाही. आणि मला ते बरं वाटत होतं. तोंड उघडावं लागत नव्हतं.

पहिल्या जत्रेत मी वाईट वाजवलं. दुसऱ्या वर्षी लोक थांबून ऐकू लागले. वालावलपासून शिरोड्यापर्यंत कंपनी गेली तिथे मी गेलो. युद्धाच्या प्रवेशाला माझा हात विशेष चाले. तलवारी भिडत, राक्षस पडे, आणि लोक म्हणत, बापाचा हात पोराला आलाय. कौतुकाने म्हणत. मी मान खाली घालून वाद्या ठोकत बसे.

मुंबईहून एकदा बोलावणं आलं होतं. मुलांसाठी काहीतरी नवीन सुरू होणार होतं, जुनं सगळे विसरलेत, असं त्या गृहस्थांनी लिहिलं होतं. मी कार्ड पाठवून नकार कळवला.

वडिलांचा हात सांधला, पण वाकडा. बोटं मिटत नव्हती. ते मला मारत नव्हते, आईलाही नाही. ते सुधारले असं कोणी म्हणालं तर मी ऐकून घेत नसे. हात उठत नव्हता, एवढंच.

एकदा पावसाळ्याच्या तोंडावर मी बाजारातून परत आलो तर आई खळ्यात उभी होती, आत जायला तयार नव्हती. ओटीवर मृदंग आडवा पडला होता. वडिलांनी एकटं असताना तो पुढ्यात ओढून वाजवून पाहिला होता. हाताने ऐकलं नाही. मग डाव्या हातात कोयता घेऊन त्यांनी सगळ्या वाद्या तोडल्या, चामड्यात दोन वार घातले. आता भिंतीला टेकून बसले होते. कोयता मांडीवर तसाच होता आणि छाती भात्यासारखी हलत होती.

मी तो कोयता उचलून आढ्याला खोचला. त्यांनी हरकत घेतली नाही. दुसऱ्या सकाळी मृदंगाचं लाकडी खोड डोक्यावर घेऊन मी वाद्यं बांधणाऱ्याकडे गेलो. आठ दिवसांनी परत आणला, ओटीवर बसलो आणि खर्ज घुमावा म्हणून कणीक भिजवून मृदंगाच्या डाव्या तोंडाला लावायला घेतली. वडील पाठमोरे सुपाऱ्या सोलत होते. मी दोनदा हात मारला.

"कणीक जास्ती लाव," ते न वळता म्हणाले. "धुम कमी पडता."

मी आणखी थोडी लावली.