क्षमावाणीच्या दिवशी काढलेली काच

आमचे हे, कुंथुनाथ, निपाणीत भांड्यांचं दुकान चालवतात. स्वभाव इतका मऊ, की साखरेच्या डब्यात मुंग्या शिरल्या तर डबा उन्हात ठेवून त्या जायची वाट बघत बसतात. तोवर चहा बिनसाखरेचा. चारचौघांत कुणी वाहवा केली, की मात्र ह्या माणसाचा तोल जातो. अकरा वर्षं संसार केलाय, तेवढं मला कळतं.

माशांचा नाद हीच त्यांची चैन. हॉलमध्ये चार फुटी टाकी आणि तिच्यात फ्लॉवरहॉर्नची जोडी. कपाळावर टेंगूळ आलेला तांबडा नर आणि त्याच्या निम्मी मादी. हा मासा आपल्या हद्दीत कुणालाच खपवून घेत नाही, बायकोलाही नाही. म्हणून मधे काच. मादी अंड्यांवर आली, की तिच्या पोटाखाली बारीक नळी दिसते. तेव्हाच काच उचलायची. पिल्लं काढायच्या ध्यासानं हे सहा महिने रोज टॉर्च मारून तेवढंच बघत होते.

माझ्या सासूबाई, राजमती, सत्तरीच्या. पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत. घरात जिवाची हत्या होणार नाही, ह्या एकाच अटीवर त्यांनी टाकी ठेवू दिली होती. पर्युषणात एकदा त्या म्हणाल्या, "किती दिस कोंडून ठेवणार रं तिला? काच काढ की."

"आत्ताच न्हाय आई. मारंल तो तिला."

"मग ऱ्हाऊ दे बाबा." विषय तिथंच संपला.

दहा दिवसांचं पर्व उरकलं आणि क्षमावाणी आली. वर्षभरात काही चुकलं असेल, तर एकमेकांपुढं हात जोडून क्षमा मागायचा दिवस. दुपारी चिकोडीचे पाहुणे आले. त्यांतले वृषभअण्णा टाकीपुढं उभे राहून म्हणाले, "आज सगळी गोड झाल्यात, आणि तुझ्या घरात नवराबायको येगळी व्हय?" सगळे हसले. ह्यांना चेव चढला. नळी अजून दिसली नव्हती, सकाळीच त्यांनी मला सांगितलं होतं. तरी बाह्या सारल्या आणि काच उचलली.

पाच मिनिटं दोघं शेजारी शेजारी फिरली. टाळ्यासुद्धा पडल्या. पाहुणे सरबताकडं वळले तोच पाणी उसळल्याचा आवाज आला. काच परत घालेपर्यंत मादी उलटी तरंगत होती.

सासूबाई आतून आल्या. "काच कुणी काढली?"

सगळ्यांचे डोळे ह्यांच्यावर. हे म्हणाले, "आई, तूच म्हणालतीस की काढ म्हणून."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. सासूबाईंनी वादच घातला नाही. उद्यापासून तीन उपास करते, एवढंच म्हणाल्या. दहा दिवस एकवेळ जेवून बाई आधीच सुकलेली.

पाहुणे गेल्यावर मी ह्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "आत्ताच्या आत्ता जाऊन खरं सांगा."

"सांगतो गं. माझीच मला लाज वाटायलीय." डोळे भरले होते. मला वाटलं, सांगतील.

हॉलमध्ये गेले. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत सासूबाई उठल्या आणि पोटच्या लेकापुढं हात जोडले. "माझ्यापायी जीव गेला रं. क्षमा कर मला."

ह्यांनीही हात जोडले.

"केली, आई," म्हणाले.

मी दारातच उभी होते. मीही काही बोलले नाही.