वसुधा मॅडम आणि कोंद्रियूचा सुगंध

वसुधा कानडे मॅडमना मी पहिल्यांदा भेटलो ते नोकरीच्या मुलाखतीत. दुबई मरीनाच्या एका हॉटेलात त्या तेव्हाही वाइन विभागाच्या प्रमुख होत्या, आजही आहेत. त्यांनी सोनेरी वाइनचा ग्लास पुढे सरकवला. मी पाठ केलेले इंग्रजी शब्द सुरू केले, तशा त्या मराठीत म्हणाल्या, "पुस्तकातलं नको. घरातलं काय आठवतं?"

"जर्दाळू," मी म्हणालो. "आणि मोगरा."

"ही कोंद्रियू गावची वाइन. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या काठी होते. उद्यापासून या."

मॅडमचं ज्ञान मोठं आहेच, पण त्यांची अदब त्याहून मोठी. एकदा रत्नागिरीचं एक मुस्लिम कुटुंब लेकीच्या पदवीचा आनंद साजरा करायला आमच्याकडे आलं. वाइनची यादी पाहून मंडळी अवघडली. मॅडम स्वतः पुढे झाल्या. "चाचा, तुमच्यासाठी खुबानीचं, म्हणजे आपल्या जर्दाळूचं, सरबत करते. ग्लास अगदी नवे, वेगळे काढलेत." मग प्रत्येकाला त्यांनी स्वतः वाढलं. निघताना चाचींनी त्यांना जवळ घेतलं.

माझ्यावरचे त्यांचे उपकार मात्र वेगळेच आहेत. काही वर्षांपूर्वी मी तापातून उठलो आणि मला वास येईनासा झाला. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. वाइनच्या माणसाचं नाक गेलं की नोकरी गेली, आणि इथे नोकरी गेली की व्हिसा गेला. दुबईतल्याच करामा वस्तीतल्या घरी बायको होती, शाळेत जाणारी मुलगी होती. मी मॅडमना सगळं सांगितलं.

"लपवायचं नाही," त्या म्हणाल्या. "मॅनेजरना सांगू. पण तू एकटा जायचं नाहीस, मी बरोबर येते."

मॅनेजर म्हणाले, "नाकाशिवाय हा करणार काय?"

"स्टॉक बघेल, टेबलं बघेल. चव मी घेईन. हा बरा होईपर्यंत जबाबदारी माझी."

"इन्शाल्ला, बघू."

"बघू नको, सर. हो म्हणा."

ते हो म्हणाले.

मग रोज दुपारी, रेस्टॉरंट उघडण्याआधी, मॅडम माझ्यासमोर वाट्या मांडत. जर्दाळू, मध, भाजलेले बदाम, करामातून आणलेला मोगऱ्याचा गजरा. मी हुंगायचो, नाही म्हणून मान हलवायचो. त्या कधी कंटाळल्या नाहीत.

त्या वर्षी हॉटेलला वाइन चाखून निवडण्यासाठी कोंद्रियूला दोघांना पाठवायचं होतं. मॅडमनी माझं नाव दिलं. विभागात कुजबुज झाली. त्यांनी लक्ष दिलं नाही. तिथले मळे इतक्या उभ्या चढावर आहेत की यंत्र चालत नाही. दगडी बांधांवर वेली, खाली नदी. एके काळी ही लागवड जवळपास बुडाली होती, मोजक्या घरांनी ती टिकवली. त्यांतल्याच एका घरचे म्हातारे मालक बांधावर हात ठेवून काही बोलले. मॅडमनी मला मराठीत सांगितलं, "ते म्हणतायत, पावसात बांध ढासळतो. हिवाळ्यात पुन्हा रचायचा. तक्रार कुणाकडे करणार?"

तळघरात ओकच्या लाकडी पिंपातून मालकांनी वाइन काढून दिली. मी ग्लास नाकाशी नेला. काहीच नाही. डोळे भरून आले. मॅडमनी शेजारी उभं राहून आपला ग्लास हुंगला आणि हळूहळू सांगू लागल्या, "पिकलेला जर्दाळू आहे. मागे मोगरा, पण गजऱ्यातला नाही, झाडावरचा. आता लाकूड आलं, भाजलेल्या बदामासारखं." मी डोळे मिटून ऐकत राहिलो.

पुढे वास हळूहळू परतला. आधी करपलेल्या पोळीचा, मग कॉफीचा, आणि एका दुपारी वाटीतल्या जर्दाळूचा. मी ओरडलोच. मॅडमनी तोंड फिरवून डोळे पुसले. मोगरा अजून नीट येत नाही. तेवढा मी त्यांना विचारतो, आणि त्या सांगतात.

मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. वाइनसारख्या मुरत जा, असं बरेच जण म्हणतील. पण कोंद्रियू बहुधा मुरवत ठेवायची नसते. ताजी असतानाच तिचं तेज असतं. मॅडम, तुम्ही अशाच ताज्या राहा. उदंड जगा, निरोगी जगा, आणि तुमच्या शेजारी ग्लास धरून उभं राहण्याचं भाग्य आम्हाला पुष्कळ वर्षं लाभू द्या.