काकांनी पकडलेले तीन शत्रू

आमच्या धाकट्या काकांनी लढाईत शत्रूचे तीन सैनिक जिवंत पकडले आणि बिल्ला मिळवला. तेव्हापासून गाव त्यांना 'सेनापती' म्हणतं. खरं सांगायचं तर काका पलटणीत स्वयंपाकी होते. आख्ख्या लढाईत त्यांनी एक गोळी झाडली असेल तर शपथ. पण त्यांच्या भटारखान्याचा नियम मात्र कडक होता. बंदूक दाराशी ठेवायची, हात धुवायचे, मगच ताटली मिळायची. साहेब असो की शिपाई, कुणाचे लाड नव्हते.

एका धुक्याच्या सकाळी चिखलाने माखलेले तिघे जण बंदुका रोखून थेट चुलीपर्यंत आले. त्या चिखलाखाली गणवेश कुठला, हे कुणाच्या बापाला कळणार? काकांना वाटलं, नवी भरती दिसते, यांना शिस्त कुणी लावलेलीच नाही. त्यांनी पळी उगारून तिघांची अशी हजेरी घेतली, की भाषेचं एक अक्षर न कळूनही तिघे मुकाट्याने मागे फिरले, बंदुका दाराशी टेकवून आले आणि कोपरापर्यंत हात धुतले. साहेब धावत आले तेव्हा शत्रू मांडी घालून जेवत होता आणि काका त्याला आग्रहाने वाढत होते.

लढाई संपली आणि काका मागच्या गल्लीतल्या मुलीसाठी झुरू लागले. तिचे वडील निवृत्त फौजदार. त्यांना जावई हवा होता तो छातीचा. आजी काकांना घेऊन त्यांच्याकडे निघाली आणि वाटेत तिने बजावलं, "तू नुसती मान हलव. पळीचं नाव काढशील तर बघ."

चहा आला. फौजदारांनी विचारलं, "तिघांना एकट्याने पकडलंत म्हणे. कसं काय?"

आजीने टेबलाखालून चिमटा काढला, पण काकांना खोटं कधी पचलंच नाही. त्यांनी पळीसकट सगळं ओकून टाकलं. आजीने कपाळावर हात मारून घेतला.

"तो बिल्ला मी लावतच नाही," काका पुढे म्हणाले. "भरल्या ताटावरून उठवलं हो त्यांना. एकाच्या तर तोंडात घास होता. मी साहेबांना म्हटलं, जेवू तरी द्या. पण माझं कोण ऐकतंय?" एवढं बोलून काका चक्क रडायला लागले. मला आजही हे सांगताना हसू येतं आणि त्यांचा फार अभिमानही वाटतो.

फौजदार खुर्चीतून उठले. "म्हणजे तुम्ही लढलातच नाही. या आता."

काका डोळे पुसत उठू लागले. तेवढ्यात आतल्या दारातून मुलगी बाहेर आली आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, त्यांना उठवू नका. त्यांचा चहा संपायचाय अजून."

काकांनी तो कप संपवायला संध्याकाळ लावली. तोवर फौजदार त्यांचे सासरे झाले होते.