मेंढरं बुजली नाहीत

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील ती छापून आणायचे आणि मी बारामतीच्या आठवडी बाजारात वाटायचे. त्यामुळं कशावरही मत मांडताना माझा आवाज आपोआप चढतो. मागच्या वर्षी तो सिनेमावरून चढला.

कळंबच्या वाचनालयात मी रविवारी दुपारी परदेशी सिनेमे दाखवते. पडद्यावर खाली उमटणारे इंग्रजी संवाद मी बाजूला उभी राहून मराठीत सांगते. लोकांना ते जड जाऊ लागलं. "ताई, हिंदीत डब केलेलं अमेरिकन लावा की," अशी मागणी आली. मी भडकले. म्हटलं, एकच गोष्ट दोन्हीकडची दाखवते. या रविवारी युरोपातला मूळ थरारपट, पुढच्या रविवारी त्याचीच अमेरिकन आवृत्ती. मग मत घेऊ. हरले तर माझे सिनेमे बंद.

गोष्ट साधी होती. डोंगरात एका मेंढपाळाचा खून होतो. संशय तिघांवर: भाऊ, शेजारी आणि नुकताच आलेला एक पाहुणा. मूळ सिनेमात खुनी मेंढवाड्यात शिरतो तेव्हा फक्त त्याचे बूट दिसतात. संगीत नाही, किंकाळी नाही. मेंढरं निवांत रवंथ करताहेत. प्रेक्षकाच्या डोक्यावर एवढा विश्वास टाकणारा दिग्दर्शक, म्हणून माझा ऊर भरून आला. तेवढ्यात पहिल्या रांगेतले तात्या मोठ्यांदा म्हणाले, "भाऊच हाय त्यो." तात्यांची निम्मी हयात मेंढरांमागं गेलेली.

"तात्या, गप बसा की!"

"अरं, मेंढरं बुजली का? परका शिरला असता तर वाडा उधळला असता. घरचाच हाय."

सिनेमा सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. उरलेला दीड तास मी सगळ्यांना ठाऊक असलेलं रहस्य मराठीत समजावत राहिले. शेवटी भाऊच निघाला, तेव्हा दोघं घोरत होते.

पुढच्या रविवारी अमेरिकन. खुनी शिरताच मेंढरं ओरडत उधळली, ढोल वाजले, वीज कडाडली. तात्यांनी निकाल दिला, "ह्यात खुनी बदललाय. परका हाय." आणि शेवटी पुन्हा भाऊच! लोक टाळ्या पिटत उठले. तात्या लालबुंद.

"फसवलं! घरच्या माणसाला मेंढरं बुजत्यात व्हय?"

"अमेरिकंतली हायती तात्या," मागून कुणीतरी म्हणालं. "तितं भाऊ वर्सातनं एकदा येतो. वळखणार कशी?"

हशा ओसरल्यावर मी ठरावाचा कागद काढला. "मूळ परदेशी सिनेमे यापुढंही..." एवढंच वाचलं आणि मागची रांग गरजली, "मंजूर! मंजूर!" पाठोपाठ सगळी खोली. साखर कारखान्याच्या सभेत लागलेली सवय. कुणी कागद हातात धरून वाचू लागलं की मंजूर.

मी जिंकले होते. घडी घालून कागद पिशवीत टाकायचा, की माझे रविवार शाबूत. घडी घातलीही. पण ऐकण्याआधी मंजूर म्हणण्याविरुद्ध मीच दोन पत्रकं लिहिली होती, आणि ती याच लोकांच्या हातात दिली होती.

"थांबा," मी म्हटलं. "काय मंजूर केलंत?"

"काय व्हतं वो?" एकानं विचारलं.

मी ठराव शेवटपर्यंत वाचला आणि हात वर करायला सांगितलं. माझ्या बाजूनं एकटे तात्या, तेही दोन्ही हात वर करून. एक हात मला खाली करायला लावावा लागला.

मी पडदा गुंडाळायला घेतला. तेव्हा दूध संकलन केंद्रावर काम करणाऱ्या एक काकू उभ्या राहिल्या. "ताई, तुमचा शिनेमा वंगाळ न्हवता. तात्यांनी त्येची वाट लावली. माझी उपसूचना हाय. एक रविवार तुमचा, एक अमेरिकन. पन तुमच्या रविवारी तात्यांनी पिच्चर संपस्तवर तोंड उघडायचं न्हाय."

यावेळी सगळ्यांनी वाक्य संपू दिलं. मग हात वर गेले, माझाही गेला. फक्त तात्या हाताची घडी घालून बसले होते.

"आन् खुनी वळखला तर काय करू?"

"पोटात ठिवा," काकू म्हणाल्या.

"माझा विरोध लिवून घ्या," तात्या म्हणाले. मी तो ठरावाखाली लिहिला आणि सगळ्यांना वाचून दाखवला.